पारड्यातली ओली रेती

१

उडी मारणाऱ्यांची नावं लोकांच्या लक्षात राहतात. त्यांच्यासाठी तळ बघून येणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. म्हणून त्याला सगळे नुसतं तळवाला म्हणत, आणि केस पिकल्यावर तळवाले काका.

कडा नव्वद फुटांचा. समोरच्या अंगाला लोकांना बसायला पायऱ्या बांधल्या होत्या, तिकीट काढून माणसं येत. सकाळी दहाला खेळ. त्याआधी बरोबर नऊ वाजता तळवाला कपडे बदलायच्या खोलीत सदरा खुंटीला अडकवी, अंगठ्यांनी दोन्ही कान दाबून सोडी, आणि कड्याच्या पायथ्याशी पाण्यात उतरे. उडी जिथं पडायची तिथं पाणी चार पुरुष खोल. एका दमात खाली जायचं आणि तळ हातानं चाचपायचा. रात्रीतून एखादा दगड घसरून आलाय का, ओंडका वाहून आलाय का, ते बघायचं. नव्वद फुटांवरून येणाऱ्याला पाणीच दगडासारखं लागतं. त्याखाली खरा दगड असला तर विचारायलाच नको. सगळं ठीक असलं की तळाची मूठभर रेती घेऊन वर यायचं.

ती रेती काळी आणि जाडीभरडी. किनारा सगळा गोट्यांचा होता, तिथं तसली रेती औषधालाही नव्हती. म्हणून काळ्या रेतीची मूठ म्हणजे माणूस तळाला हात लावून आला याची खूण. कड्याच्या टोकाला जुन्या तराजूचं एक पितळी पारडं सिमेंटात बसवलेलं होतं. पावणेदोनशे पायऱ्या चढून तळवाला ती मूठ त्यात ठेवी आणि परत खाली जाऊन पाण्याशी उभा राही. उडी मारणारा आधी दोन बोटं त्या रेतीत बुडवी. ओली लागली तर पुढं व्हायचं, कोरडी लागली तर कपडे घालून घरी जायचं. मग टोकावरून खाली विचारायचं, "तळ?" खालून तळवाल्यानं मूठ वर करून सांगायचं, "मोकळा!" त्यानंतर उडी.

हा नियम कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तो कुणी मोडतही नव्हतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

त्या सोमवारी तळवाला नेहमीसारखा खाली जाऊन आला. तळ मोकळा होता. मूठ आवळून, गुडघ्यांवर हात टेकत तो पायऱ्या चढला. टोकाशी येऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला.

पारड्यात मूठभर काळी रेती आधीच होती. ओली. तिच्यातून पाणी निथळून पारड्याच्या तळाशी गोळा झालं होतं.

२

"काय काका, आज दोन बुड्या?" पाठीमागून लाटवाला म्हणाला. हा टोकावर उभा राहून लाटांवर नजर ठेवी. लाट आत शिरून पाणी भरलं की त्यानं हात खाली करायचा, की उडी. तोंडाचा मोकळा माणूस. "एक आमची आणि एक देवाची का?"

"ही तू ठेवलीस?"

"मी? मला पोहता येतं हे माझ्या बायकोलाही पटत नाही. तळाला जाऊन काय करू, तिथं चहा मिळतो का?"

"थट्टा करू नकोस. मी आत्ता आलो."

"अहो, मग आधी एकदा येऊन गेला असाल. वय झालं. माझा सासरा एकाच सकाळी दोनदा दाढी करतो, आणि दोन्ही वेळा तक्रार करतो की ब्लेड बोथट आहे."

इतक्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे उडी शिकवणारे. सगळा खेळ त्यांच्याच ताब्यात. त्यांनी पारड्यात डोकावून पाहिलं आणि तळवाल्याच्या हातातली दुसरी मूठ पाहिली. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"रविवारी आपली पोर इथून उडी मारणार म्हणून काका आतापासून दोन-दोनदा तळ बघतायत," ते बाकीच्यांना म्हणाले. "बघून ठेवा रे. याला काम म्हणतात."

पोर म्हणजे तळवाल्याच्या भाच्याची मुलगी. एकोणीस वर्षांची. आतापर्यंत ती टोकावरच्या रेतीत बोटं बुडवून मग मधल्या कपारीवरून, पन्नास फुटांवरून उड्या मारत होती. रविवारी ती पहिल्यांदा थेट टोकावरून उतरणार होती. तिचा बाप गेला तो याच टोकावरून.

मी आधी आलो नव्हतो, एवढंच तळवाल्याला म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम. तो बोलला नाही. हातातली मूठ त्यानं त्या रेतीवर मोकळी केली आणि मान खाली घालून पायऱ्या उतरला. न बोलून एकदा निभावलं की माणसाला तीच सवय लागते. त्याला ती तेरा वर्षांपासून होती.

३

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याची खाट आणि भाचेसुनेचं शिवणयंत्र, आत स्वयंपाक आणि एका कोपऱ्याला मोरी. भाचा गेल्यापासून सून आणि तिची पोर त्याच्याकडेच राहत होती. सून एका शिंप्याकडून कपडे आणून घरी शिवायची. संध्याकाळी यंत्र बंद करून ती पळीत तेल कोमट करायची आणि म्हणायची, "मामा, कान."

तो खाटेवर आडवा होई. ती त्याच्या डाव्या कानात तीन थेंब सोडी आणि कापसाचा बोळा घाली. तेरा वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती.

"तुम्ही नसता तर आम्ही दोघी कुठं गेलो असतो," ती अधूनमधून म्हणे. अशा वेळी कानात बोळा आहे याचं त्याला बरं वाटे. ऐकूच आलं नाही असं दाखवता येई.

भाच्याला सगळे डावऱ्या म्हणत, कारण तो डावखुरा होता. बहीण गेली तेव्हा चार वर्षांचा होता. मामानं त्याला वाढवलं, पोहायला शिकवलं, बुडी मारायला शिकवलं. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून दोघांची एक खूण ठरली होती. दुसऱ्याच्या तळव्यावर अंगठ्यानं दोनदा दाबायचं. याचा अर्थ, दम संपला, वर चल.

तेरा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी तळवाल्याचा डावा कान ठणकत होता. आत फोड आला होता. रात्रभर समुद्र उसळला होता आणि पाणी गार होतं. खाली गेलं की कानात सुरी फिरणार हे त्याला माहीत होतं. तळ तर रोजच मोकळा असतो, असं त्याच्या मनात आलं.

खाटेखाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डावऱ्याची पोर तेव्हा सहा वर्षांची. तिला ती काळी रेती खेळायला फार आवडे, म्हणून हा रोज चिमूटभर जास्त आणून डब्यात टाकी. त्या सकाळी त्यानं त्या डब्यातली एक मूठ रुमालात बांधली. कपडे बदलायच्या खोलीत नळाखाली ती ओली केली. केस कोरडे दिसू नयेत म्हणून तिथला निळा मग्गा भरून डोक्यावर ओतला. मग पायऱ्या चढून रेती पारड्यात ठेवली आणि खाली येऊन पाण्याशी उभा राहिला.

डावऱ्यानं डाव्या हाताची दोन बोटं रेतीत बुडवली. "मामा, तळ?"

"मोकळा!"

दगड फार मोठा नव्हता. बादलीएवढा असेल.

भाच्याला वर आणायला तोच गेला, दुसरं कोण जाणार? त्यानं दगड पाहिला. आणि भाच्याला उचलण्याआधी तो दगड दोन्ही हातांनी ढकलून कड्याच्या कपारीत सारला. कुणाला दिसू नये म्हणून. त्याला किती वेळ लागला ते त्यानं कधी मोजलं नाही. त्या वेळात भाच्याचा हात त्याच्या पोटरीला लागला. एकदा, आणि पुन्हा एकदा. पाणी हलत होतं, हात हलला असेल. तेरा वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता.

लोक म्हणाले, डावऱ्याचा पाय सुटला, अंग वाकडं पडलं. तळवाला काहीच म्हणाला नाही. आठवड्यानं पोरीनं डबा उघडून विचारलं, "आजोबा, माझी रेती कमी कशी झाली?" तेव्हाही तो काही म्हणाला नाही. त्यानं डबा बंद केला आणि माळ्यावर टाकला. त्यानंतर तापात फणफणत असतानासुद्धा त्यानं तळ चुकवला नव्हता.

४

मंगळवारी रेती होती. बुधवारीही होती. तळवाला खाली जाऊन मूठ घेऊन वर येई, तर पारडं आधीच भरलेलं.

बुधवारी त्यानं ती नीट पाहिली. कुणीतरी मूठ घट्ट आवळून ठेवली होती, बोटांच्या खाचा तशाच उमटल्या होत्या. त्यानं आपला उजवा हात त्यावर धरला. खाचा उलट्या बाजूला पडत होत्या. मग डावा हात धरला. तो बरोबर बसला, फक्त ती मूठ त्याच्या मुठीपेक्षा मोठी होती.

डावखुरी माणसं जगात पुष्कळ आहेत, असं त्यानं स्वतःला समजावलं. मास्तरांकडे नवीन आलेल्यांतला कुणी असेल. तळाला जाण्याची हौस असेल. सापडला की कानाखाली वाजवायची, आणि मग शाबासकी द्यायची.

गुरुवारी तो उजाडताना सहालाच जाऊन कपडे बदलायच्या खोलीत बसला. दार बोटभर उघडं ठेवलं. खोली लांबट, एका भिंतीला खुंट्या, दुसरीला बाक, कोपऱ्यात नळ. नळाखाली निळा मग्गा उपडा पडलेला. मागच्या दोन मग्ग्यांच्या दांड्या मोडल्या तेव्हा मास्तरांनी त्याच रंगाचा नवा आणला होता. खोलीचा वास ओल्या चड्ड्यांचा आणि गंजक्या पत्र्याचा. बाहेर पाण्याची एकसारखी ये-जा चाललेली.

मग पायऱ्यांवर पाय वाजले. अनवाणी, ओले. प्रत्येक पावलाला तळवा दगडापासून सुटताना चपकन आवाज व्हायचा. पावलं दारावरून गेली. फटीतून काहीच दिसलं नाही. म्हणजे दिसलं असतं, पण त्यानं डोळा फटीला लावलाच नाही. हे त्यानं नंतर स्वतःशी कबूल केलं. पावलं घाई न करता वर चढत गेली. त्यानं पावणेदोनशे मोजली. मग थांबली.

उतरताना वाजतील म्हणून तो वाट पाहत राहिला. ती उतरली नाहीत.

तो पाणी प्यायला नळाकडे वळला.

निळा मग्गा सुलटा होता. काठोकाठ भरलेला. नळ तर बंद होता. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

आता थट्टेचा संशय उरला नाही. रेती कुणीही आणून ठेवील. पण मग्ग्याचं कुणाला माहीत होतं? त्या सकाळी या खोलीत तो एकटा होता. त्यानं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, झोपेतसुद्धा बोलू नये म्हणून तो तेरा वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपत आला होता.

५

शुक्रवारी कानाला दडे बसले. शनिवारी कान वाहू लागला. तरी दोन्ही दिवस तो खाली गेला. शनिवारी वर येताना डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचले आणि लाटवाल्यानं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"काका, उद्या राहू द्या. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांगतो मास्तरांना."

"उद्या आमच्या पोरीची उडी आहे."

"म्हणूनच म्हणतो. आणि तुमची रेती तर वर पोचलीये की केव्हाच. बघून आलो मी. तुमचं काय, पाठवून देता का पार्सलनं?" तो हसला. तळवाल्याच्या कानातून पातळ रक्त मानेवर आलेलं दिसलं तेव्हा त्याचं हसू गेलं.

संध्याकाळी सुनेनं पळीत तेल तापवलं. कापूस लाल झालेला पाहून ती घाबरली.

"मामा, पुरे झालं आता हे काम. माझं यंत्र चालतंय, पोर कमवायला लागेल. तुम्ही तळ बघायचं सोडा."

"उद्याचा दिवस."

पोर दारात पाय पसरून बसली होती, घोट्याला पट्टी गुंडाळत. "आई, त्यांना काही बोलू नकोस. आजोबा खाली आहेत म्हणून मला भीती नाही. नाहीतर माझे पाय लटपटतात वर. खरं सांगते, त्या दोन बोटांना ओलं लागलं ना, की मला वाटतं आजोबांचं बोटच धरलंय."

आता सांग, तळवाल्याच्या मनानं म्हटलं. आत्ताच. या क्षणाला.

"सूनबाई," तो म्हणाला.

"काय मामा?"

तिच्या हातातल्या पळीवरून तेल ओघळत होतं. फरशी तेलकट होऊ नये म्हणून तिनं खाली तळहात धरला होता. गरम थेंब हातावर पडला तरी तिनं हात हलवला नाही, आधी त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं म्हणून.

"तेल जरा कमी गरम कर," तो म्हणाला.

६

रविवारी समोरच्या पायऱ्या माणसांनी भरून गेल्या होत्या. सूनही आली होती, पहिल्या ओळीत, मांडीवर पोरीचा टॉवेल घेऊन.

नऊ वाजता तळवाला कपडे बदलायच्या खोलीत गेला. सदरा खुंटीला अडकवला. अंगठे कानांवर ठेवले, पण डाव्या कानाला नुसता हात लागला तरी डोक्यात कळ गेली. तो बाकावर बसला. रात्रीपासून समुद्र उसळला होता, पाणी गढूळ आणि गार होतं. तेरा वर्षांपूर्वीचीच सकाळ कुणी धुऊन पुन्हा वाळत घातल्यासारखी.

वरून लाटवाल्याची आरोळी आली, "काका, रेती एकदम ताजी आहे हं! शाबास!"

म्हणजे आजही.

बाकाजवळ निळा मग्गा भरून ठेवलेला होता. हाताशीच, वाकावंसुद्धा लागू नये असा.

तळवाला विचार करू लागला. सहा दिवस रेती आधी आली आणि सहाही दिवस तळ मोकळा निघाला. जो कोणी ठेवतो तो खाली जाऊनच ठेवतो. तो कोण, हे आपण तोंडानं म्हणत नाही, पण तो असेल तर ती त्याची मुलगी आहे. आपल्या मुलीला बाप फसवील का? मग दुसरा विचार आला. आपणही त्याला मुलासारखंच वाढवलं होतं. आपण फसवलंच ना?

हे सगळं डोक्यात चाललं असताना त्याच्या हातांनी मग्गा उचलून डोक्यावर ओतला.

खारं पाणी डोळ्यांत गेलं. दोन्ही हातांत रिकामा मग्गा धरून तो बसून राहिला. कोणी ढकललं नव्हतं, कोणी मनगट धरलं नव्हतं. समोर ठेवलं आणि त्यानं घेतलं. एकसष्टाव्या वर्षी, त्याच खोलीत, त्याच बाकावर. आपण कसे आहोत हे त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तो रडलाही नाही, ओशाळून नुसता बसला. दहा वाजले.

तो बाहेर येऊन पाण्याशी उभा राहिला. त्याचे ओले केस बघून समोरची माणसं कौतुकानं कुजबुजली. सुनेनं हात जोडले.

वर टोकावर पोर बोटाएवढी दिसत होती. तिनं वाकून रेतीत बोटं बुडवली. लाटवाला लाटेकडे बघत हात वर करून उभा, मास्तर तिच्या पाठीशी. पोरीचा आवाज कड्याला आपटत खाली आला.

"आजोबा, तळ?"

तळवाल्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती.

"मोकळा!"

आवाज खणखणीत होता. पाण्याच्या अंगानं आला, खडकाच्या आतून. वर लाटवाल्यानं मान डोलावली. पोरीनं पायाची बोटं कडेच्या पुढं काढली.

तळवाल्याचे ओठ हलले नव्हते. आवाज भाच्याचा असेल अशी त्याला भीती होती. तो भाच्याचा नव्हता. त्याचा स्वतःचा होता, तेरा वर्षांपूर्वीचा, अजून न चिरकलेला.

७

"थांब!" तो ओरडला. "थांब पोरी! मी खाली गेलेलो नाही!"

लाटवाल्याचा हात अर्ध्यावर थांबला. मास्तरांनी पोरीला कमरेला धरून मागं ओढलं.

"काका, काय बोलताय? आत्ता तुम्हीच मोकळा म्हणालात!" मास्तर वरून ओरडले.

"मी नाही म्हणालो!"

"आम्ही ऐकलं," समोरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघांनी दुजोरा दिला. सगळ्यांनीच ऐकलं होतं, त्याच्याच आवाजात. क्षणभर त्यालाही वाटलं, म्हणालो असू. तोंडाला सवय आहे. हातानं मग्गा ओतला, तसंच तोंडानं म्हटलं असेल.

"म्हणालो असेन," तो म्हणाला. "पण मी गेलो नाही. केस मी मग्ग्यानं भिजवले. तेव्हाही असंच केलं होतं. डावऱ्याच्या वेळी. रेती घरातली होती. खाली दगड होता, तो मी सारला. डावऱ्या खाली असताना सारला."

समोरच्या पायऱ्यांवर कुणाच्या तरी हातातून बाटली पडली आणि ठोके देत गडगडत खाली गेली. सून उभी राहिली होती. टॉवेल खाली पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यासमोर त्याला उभं राहवेना.

म्हणून तो पाण्यात शिरला. लोक पुढं म्हणाले की म्हातारा चूक सुधारायला गेला. तसं काही नव्हतं. त्याला कुठंतरी तोंड लपवायचं होतं.

दोन पुरुष खाली गेल्यावर डावा कान फुटला. कळ गेली आणि सगळा आवाज बंद झाला. वर-खाली कळेनासं झालं. गढूळ पाण्यात हात पुढं करून तो तळ शोधत राहिला. बोटांना रेती लागायला हवी होती, तिथं पाणीच होतं. आणखी खाली, अजूनही पाणीच.

मग समोरचं गढूळ पाणी जरा निवळलं. फार नाही, हातभर. त्यात एक मनगट दिसलं. पुढची मूठ आवळलेली, डाव्या हाताची. मनगटाच्या मागं जे होतं ते गढुळातच होतं, आणि ते त्याच्याकडे तोंड करून होतं एवढं त्याला कळलं.

मूठ उघडली. त्या हातानं त्याचा हात धरला. जोर नव्हता. रस्ता ओलांडताना लहान पोर धरतं तसा. तळव्यावर अंगठा टेकला आणि दोनदा दाबला.

दम संपला. वर चल.

तो अंगठा त्याला ओळखता आला. तोच दाब, तितकाच. तेरा वर्षांपूर्वी पोटरीवर दोनदा लागला होता तसा. पाणी नव्हतं हलत तेव्हा.

तोवर पायऱ्या उतरून आलेल्या लाटवाल्यानं कपड्यांसकट पाण्यात उडी टाकून त्याला बाहेर काढलं. त्याला पोहता येत होतं तर.

८

त्यानंतर चार दिवस समुद्र खवळलेला राहिला. कुणालाच खाली जाता आलं नाही. त्या सकाळी तळाशी दगड होता की नव्हता, हे अजून कुणाला माहीत नाही. पारडं रिकामं आहे, असं लाटवाला सांगून गेला. तो दारातूनच बोलला आणि त्यानं एकही विनोद केला नाही.

सून जेवायला वाढत होती. ताट ठेवायची, पाणी ठेवायची, आत जायची. यंत्र दिवसभर चाले. संध्याकाळ झाली की थांबे. पळी खिळ्याला टांगलेलीच राही.

पाचव्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तेरा वर्षं मी रोज तुमच्या कानाशी वाकत होते," ती म्हणाली. "इतक्या जवळ. तेव्हा का नाही बोललात?"

उजव्या कानानं त्याला सगळं ऐकू आलं. आता बोळ्याचा आडोसा नव्हता.

पोर स्टूल घेऊन माळ्याशी गेली. तिनं मागं हात घालून बिस्किटांचा डबा काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि तो खाटेवर त्याच्यापुढं ठेवला. झाकण गंजलं होतं. तिनं ते चमच्यानं उचकटलं.

त्यात एक मूठ कमी असायला हवी होती. तेरा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः तो खळगा पाहिला होता, झाकण लावताना.

डबा काठोकाठ भरलेला होता. वरची रेती ओली होती. मधोमध बोटांच्या खाचा होत्या, उलट्या बाजूच्या.

पोरीनं तिघांच्या तोंडाकडे पाहावं तसं खोलीत एकदा सगळीकडे पाहिलं. खोलीत तर तिच्याशिवाय दोघंच होते. मग तिनं उजव्या हाताची दोन बोटं रेतीत बुडवली. ती भ्यायली नव्हती. टोकावर उभी असताना असे तसा तिचा चेहरा होता. आजोबा म्हणायचं तिनं पाच दिवसांपासून सोडलं होतं, आताही म्हणाली नाही.

"तळ?" तिनं विचारलं.

सून भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. तळवाल्यानं तोंड उघडलं आणि आधी ऐकलं, दुसरं कुणी उत्तर देतंय का. कुणी दिलं नाही. सगळे त्याच्यासाठी थांबले होते.

"मी बघितला नाही," तो म्हणाला.

आत मोरीत कुणीतरी पाणी ओतून टाकलं. मग फरशीवर मग्गा उपडा ठेवल्याचा आवाज आला.

त्यांच्या घरात मग्गा नव्हता.